साखर उतरल्यावर पेढा नको

प्रश्न : माझे मिस्टर ५९ वर्षांचे. शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर होते. मधुमेह आहे; सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी, रात्री इन्सुलिन. परवा एकादशी धरली; दिवसभरात दोन कप चहा, तोही बिनसाखरेचा. गोळी मात्र घेतली. दुपारी दरदरून घाम, शर्ट पाठीला चिकटलेला, बोलणं भलतंच. साखरपाणी दिलं तर मला शिवी हासडून पेला भिरकावला. मग डोळे फिरवले. शेजारच्यांनी तोंडात पेढा कोंबला, ठसका लागला. मीटरवर ३८! दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आले. मुलगा म्हणतो, गोळी बंदच करा. काय करू?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : ताई, आधी त्या शिवीचं बोलू. ती मनाला लावून घेऊ नका. मेंदू चालतो ग्लुकोजवर. ते इतकं उतरलं की शांत माणूसही हमरीतुमरीवर येतो आणि वर ‘मला काय झालंय?’ म्हणतो. अशा वेळी समजूत घालत बसायचं नाही.

गिळता येत असेल तर चहाचे तीन-चार चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. आपल्याकडं गूळ हाताशी असतो, पण खडा चघळण्यात वेळ जातो. पाण्यात कालवून द्या. पेढा नको, अंबाबाईच्या प्रसादाचा असला तरी. त्यातल्या स्निग्धांशामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. (मधुमेहाच्याच ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या चालू असतील, तर घरची साखर पटकन लागू पडत नाही, ग्लुकोजची पावडरच हवी.)

शुद्ध हरपली की तोंडात थेंबसुद्धा घालायचा नाही. श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतेल. ठसक्यावर निभावलं, हे नशीब समजा. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. साखर वाढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरी ठेवता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मिळालं, तर टोचायचं कसं ते मुलानं शिकून घ्यावं.

आता गोळी. मुलाची धास्ती खरी, पण परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना याच आठवड्यात गाठा. या गोळीचा अंमल रेंगाळतो; किडनी मंदावली असेल तर जास्तच. म्हणून शुद्धीवर आल्यानंतरही साखर पुन्हा घसरू शकते. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासलंय का ते विचारा. बीपीची कुठली गोळी चालू आहे, तेही सांगा. काही गोळ्या साखर उतरल्यावर होणारी छातीतली धडधड दडवतात. घाम मात्र सहसा दडत नाही.

पोट रिकामं आणि गोळी पोटात, हेच त्या दिवशी नडलं. पुढची एकादशी धरायची झाली तर आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. माझं विचाराल तर यंदा उपवास नकोच. वारंवार साखर उतरली की शरीर घाम-थरथरीचे इशारे देणंही कमी करतं, आणि मग माणूस थेट बेशुद्धच पडतो.

पहाटे उशी घामानं भिजते का, उठल्यावर डोकं ठणकतं का, तेही लक्षात ठेवा; रात्री साखर उतरल्याच्या त्या खुणा असू शकतात. रात्रीच्या इन्सुलिनचा डोस त्यावरूनही ठरेल. आणि जाताना मीटर सोबत न्या. त्यातले जुने आकडे डॉक्टरांना स्वतः पाहू द्या. मिस्टर ‘सगळं बरं आहे’ म्हणतील, त्यावर जाऊ नका.