मंगळावरचे ‘सेंद्रिय’ आणि आपल्या बांधावरचे

वाशीम जिल्ह्यातील एका वाचकांनी विचारले आहे : मंगळावर सेंद्रिय रेणू सापडल्याची बातमी त्यांनी गावच्या पारावर मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा एक म्हातारबा म्हणाले, ‘‘मंग तिथं ढोरं कोनाचे हायेत बाप्पा?’’ सगळे हसले, पण वाचकांना उत्तर सुचले नाही. गावात सेंद्रिय म्हणजे शेणखत आणि गांडूळखत. मग या बातमीतल्या ‘सेंद्रिय’चा अर्थ काय, आणि काही ठिकाणी त्याऐवजी ‘जैविक रेणू’ असे छापून येते, ते चालेल का?

म्हातारबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण शब्दाचा मूळ अर्थ त्यांच्याच बाजूने आहे. ‘सेंद्रिय’ म्हणजे इंद्रियांसह असलेले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘सेन्द्रियं चेतनं द्रव्यं निरिन्द्रियमचेतनम्’ असे स्पष्टच म्हटले आहे : इंद्रिये असलेले द्रव्य चेतन, नसलेले अचेतन. ही व्याख्या धरली, तर मंगळावर सेंद्रिय सापडले म्हणजे तिथे जिवंत काहीतरी सापडले, असाच अर्थ होईल. ‘ऑरगॅनिक’ हा शब्दही अवयव या अर्थाच्या ‘ऑर्गन’वरून आलेला असल्यामुळे त्याला ‘सेंद्रिय’ हा प्रतिशब्द चपखल बसला. मात्र मूळ शब्दात दडलेली एक जुनी समजूतही त्याच्याबरोबर आपल्याकडे चालत आली.

ती समजूत अशी, की वनस्पती आणि प्राणी यांच्या शरीरात बनणारी संयुगे केवळ जीवनशक्तीच्या बळावर बनतात, प्रयोगशाळेत ती बनवता येणार नाहीत. १८२८ मध्ये फ्रेडरिक व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या निर्जीव मानल्या गेलेल्या क्षारापासून युरिया मिळवला, आणि तोही माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडावाचून, हे त्याने आपले गुरू बर्झेलियस यांना कळवले. त्या एका प्रयोगाने जुनी समजूत लगेच संपली नाही. पण पुढे तसेच प्रयोग होत गेले आणि ‘सेंद्रिय’चा अर्थ ‘सजीवापासून आलेले’ यावरून ‘कर्बाच्या (म्हणजे कार्बनच्या), बहुधा हायड्रोजनशी जोडलेल्या, सांगाड्यावर उभे असलेले’ असा सरकला. शब्द मात्र तोच राहिला. आता गंमत पाहा : ज्या युरियाने ही क्रांती सुरू केली, त्याच युरियाच्या ४५ किलोच्या गोणीला आपण रासायनिक खत म्हणतो, आणि तोच युरिया गोमूत्रात आला की त्याला सेंद्रिय म्हणतो. रसायनशास्त्राच्या लेखी दोन्हीकडचा रेणू एकच आहे आणि तो सेंद्रिय आहे. शेतकऱ्याचे चुकते असे मला म्हणायचे नाही; शेतीत ‘सेंद्रिय’ हा शब्द पदार्थ कुठून आला ते सांगतो, रसायनशास्त्रात तो पदार्थाची घडण सांगतो.

दोन्ही अर्थ एकाच कागदावर पाहायचे असतील, तर माती परीक्षणाचा अहवाल काढावा. माझ्या वावराच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आहे आणि मुक्त चुनखडी ९ टक्के. चुनखडीच्या वजनात कर्बाचा वाटा १२ टक्के असतो, म्हणजे नुसत्या चुनखडीतच एक टक्क्याहून अधिक कर्ब झाला, सेंद्रिय कर्बाच्या जवळजवळ तिप्पट. तरीही अहवाल त्याला सेंद्रिय म्हणत नाही. काळ्या मातीतल्या त्या पांढऱ्या खड्यावर पातळ आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो आणि त्यातला कर्ब वायू होऊन उडून जातो. पालापाचोळा कुजून मातीला मिळालेला कर्ब असा फसफसत नाही. तेव्हा कर्ब असणे पुरेसे नाही, तो कशाशी कसा जोडलेला आहे हे पाहावे लागते.

मंगळावर नेमके हेच पाहावे लागते. तिथल्या हवेत सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, म्हणजे कर्ब मुबलक, पण तो सेंद्रिय नव्हे. ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीने जुन्या तळ्याच्या चिखलापासून बनलेला दगड कोरला आणि त्याचा भुगा आपल्या पोटातल्या भट्टीत तापवून निघालेले वायू तपासले. त्यांत मार्च २०२५ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे डेकेन, अनडेकेन आणि डोडेकेन, म्हणजे अनुक्रमे १०, ११ आणि १२ कर्बांच्या साखळ्या आढळल्या. (ही तिन्ही आपल्या रॉकेलमध्येही असतात.) त्या मेदाम्लांचे, म्हणजे सजीवांच्या तेला-चरबीत असणाऱ्या आम्लांचे, तुकडे असू शकतील असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, पण मेदाम्ले जिवाशिवायही बनू शकतात. बेन्नू या लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणलेल्या मातीत तर सजीवांची प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांपैकी १४ मिळाली, आणि तरीही तिथे जीव होता असे कोणी म्हणत नाही. त्याचे एक कारण मोठे बोलके आहे : अमिनो आम्लांत डावे आणि उजवे असे, आपल्या दोन हातांसारखे, आरशातले जोडीदार असतात. पृथ्वीवरच्या सजीवांनी प्रथिनांसाठी डावेच घेतले. बेन्नूवर दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात आहेत.

म्हणून ‘जैविक रेणू’ हा प्रयोग मला चुकीचा वाटतो. बातमीत जे अजून सिद्ध व्हायचे आहे, ते तो शब्द आधीच गृहीत धरतो. विदर्भात हा घोळ अधिक होतो, कारण मध्य प्रदेशाकडून ‘जैविक खेती’ सतत कानी पडते आणि तिथे जैविक म्हणजे आपले सेंद्रिय. मराठीत मात्र जैविक खत म्हणजे रायझोबियमसारख्या जिवंत जिवाणूंचे पाकीट, जे आपण सोयाबीन किंवा तुरीच्या बियाण्याला चोळतो. हा फरक कृषी विभागाच्या भाषेने चांगला जपला आहे. जून २०२० मध्ये आपल्या लोणारचे पाणी गुलाबी झाले, ते मिठाची आवड असलेल्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याला जैविक कारण म्हणणे अगदी योग्य.

दहावीच्या विज्ञानात आहे तसा ‘कार्बनी संयुगे’ हा शब्द बातमीत वापरला, तर गोंधळच उरणार नाही, आणि माझा कौल त्यालाच. ‘सेंद्रिय’ ठेवायचे असेल, तर ‘सेंद्रिय, म्हणजे कर्बाची, संयुगे’ एवढी जोड पहिल्या ओळीतच द्यावी. म्हातारबांना सांगा, की मंगळावर सापडले ते सध्या तरी रॉकेलच्या गोत्रातले आहे. ढोरांचा तपास चालू आहे.