वाचकांचे प्रश्न : इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा अभ्यास घरी करताना

या वेळच्या पत्रांत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडच्या वाचकांनी एकाच विषयावर प्रश्न विचारले आहेत. बाहेरचं काही न दिसता केवळ उपकरणांवर विमान उडवण्याचा परवाना, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, आणि त्यासाठी घरी बसून काय वाचावं, हा तो विषय.

सीपीएलचं (व्यावसायिक पायलट परवान्याचं) ट्रेनिंग सुरू आहे. मित्रांनी पेनड्राइव्ह भरून पीडीएफ दिल्या आहेत. सुरुवात कुठून करू? (टिळकवाडी, बेळगाव)

पेनड्राइव्ह तूर्त बाजूला ठेवा. साहित्य जास्त झालं की प्रत्येक पुस्तकाची पहिली तीस पानं वाचून होतात आणि होल्डिंगपर्यंत (उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात ठरलेल्या मार्गावर घिरट्या घालणं) कोणीच पोचत नाही. मुख्य पुस्तक एकच धरा. आमची शिफारस अमेरिकेच्या एफएएचं (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) ‘इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग हँडबुक’. ते एफएएच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. मुखपृष्ठावरचा क्रमांक बघा : १५बी ही २०१२ ची आवृत्ती, त्याआधीची १५ए कोणी देत असेल तर घेऊ नका. सगळं पुस्तक झेरॉक्सच्या दुकानात छापून घेण्याची गरज नाही. उपकरणं कशी चालतात, अ‍ॅटिट्यूड फ्लाइंग (उपकरणं बघून विमानाचा कल सांभाळणं) आणि व्हीओआर, आयएलएस यांसारखी रेडिओवरची नेव्हिगेशनची साधनं, एवढीच प्रकरणं छापून स्पायरल करून घ्या. ती पेन्सिल हातात घेऊनच वाचायची असतात.

दुसरं साहित्य भारताचं एआयपी, म्हणजे हवाई वाहतुकीची अधिकृत माहितीपुस्तिका. विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तेही फुकट आहे. त्यातल्या जेन १.७ या विभागात भारताची पद्धत आयसीएओपेक्षा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) कुठे वेगळी आहे ते दिलेलं असतं. ईएनआर १.५ मध्ये होल्डिंग आणि अ‍ॅप्रोच (धावपट्टीकडे उतरत येण्याचा ठरलेला मार्ग), ईएनआर १.७ मध्ये अल्टिमीटर (उंची दाखवणारं उपकरण) सेटिंग. एडी २ मध्ये विमानतळवार माहिती आणि चार्ट मिळतात, सांबऱ्याचं, म्हणजे बेळगाव विमानतळाचं, पान आधी उघडा. रोज डोक्यावरून जाणारं विमान कागदावर कसं उतरतं ते पाहिलं की चार्ट वाचण्याची भीती निम्म्याने जाते.

एफएएचंच ‘इन्स्ट्रुमेंट प्रोसीजर्स हँडबुक’ नंतर घ्या. त्यातला बराच भाग अमेरिकेच्या हवाई हद्दीच्या व्यवस्थेबद्दल आहे आणि नवख्याला गोंधळात टाकतो.

पुस्तक अमेरिकेचं, उडायचं इथे. चालेल का? (निपाणी)

उपकरणं, भौतिकशास्त्र आणि स्कॅन (उपकरणांवरून क्रमाने नजर फिरवणं) यांसाठी निर्धास्त वाचा. प्रोसीजर आली की मात्र हात आखडा. अमेरिका अ‍ॅप्रोच आखते ते टर्प्सच्या निकषांवर, भारत आखतो आयसीएओच्या डॉक ८१६८ म्हणजे पॅन्स-ऑप्सवर. फरक कुठे नडतो ते नीट समजून घ्या.

होल्डिंगमध्ये एफएएच्या पद्धतीत आत येणारा लेग (ठरलेल्या बिंदूकडे येणारी सरळ बाजू) १ मिनिटाचा बसवायचा असतो आणि त्यासाठी बाहेरचा लेग कमी-जास्त करायचा. आयसीएओच्या पद्धतीत वेळ बाहेर जाणाऱ्या लेगवर मोजतात, १४,००० फुटांपर्यंत १ मिनिट, आणि वाऱ्याची सूट त्यात धरायची. हिशेब करून बघा. वेग ९० नॉट, बाहेर जाताना वारा १५ नॉट मागून. जमिनीवरचा वेग १०५, म्हणजे मिनिटात १.७५ मैल. परत येताना वेग ७५, तेच अंतर कापायला ८४ सेकंद. आत १ मिनिट हवं असेल तर बाहेर साधारण ४३ सेकंदच जायचं. हे गणित दोन्ही पद्धतींनी कागदावर करा, नाहीतर परीक्षेत एक आणि विमानात दुसरंच व्हायचं. वेगाची मर्यादाही वेगळी : एफएएकडे ६,००० फुटांपर्यंत २०० नॉट, आयसीएओकडे १४,००० फुटांपर्यंत २३०, पण होल्डिंग फक्त ए आणि बी वर्गातल्या, म्हणजे सेसना १७२ सारख्या कमी वेगाच्या, विमानांसाठी असेल तर १७०.

प्रोसीजर टर्नचा (उलट वळून धावपट्टीकडच्या मार्गावर येणं) फरक त्याहून धोक्याचा. अमेरिकेच्या चार्टवर बाणाची खूण असेल तर वळण कसं घ्यायचं ते पायलटवर सोडलेलं असतं. पॅन्स-ऑप्समध्ये ४५/१८०, ८०/२६० किंवा बेस टर्न, यांतला वळणाचा जो प्रकार छापलाय तोच उडवायचा, आणि आउटबाउंड (बाहेर जाणाऱ्या) ट्रॅकच्या ३० अंशांच्या आतूनच शिरायचं. अडथळ्यांपासूनची सुरक्षित जागा त्याच आकाराची मोजलेली असते.

अल्टिमीटरचं सांगतो. अमेरिकेत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत आणि फ्लाइट लेव्हल (१०१३ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावरून मोजलेली उंची) १८,००० फुटांपासून. आपल्याकडे हेक्टोपास्कल, आणि ट्रान्झिशन अल्टिट्यूड (स्थानिक दाब सोडून प्रमाण दाब लावायची उंची) त्या त्या चार्टवर छापलेली. पावसाळ्यात क्यूएनएच (समुद्रसपाटीवर आणलेला स्थानिक दाब) १००३ असताना अल्टिमीटरच्या सबस्केलवर (दाब लावायची खिडकी) १०१३ राहिलं, तर उपकरण सुमारे ३०० फूट जास्त दाखवतं. म्हणजे तुम्ही तेवढे खाली असता, आणि घाटाच्या कडेला ३०० फूट थोडे नव्हेत.

शेवटचा मुद्दा मिनिमाचा, म्हणजे उतरण्यासाठी लागणाऱ्या किमान मर्यादांचा. अमेरिकेत खासगी उड्डाणाला दृश्यमानता कमी असली तरी अ‍ॅप्रोच सुरू करून ‘बघून येण्याची’ मुभा आहे. आपल्याकडे डीजीसीएच्या (भारताची नियामक संस्था) सीएआर या नियमावलीच्या सेक्शन ८ मध्ये अ‍ॅप्रोच बॅन आहे. कळवलेली दृश्यमानता किंवा आरव्हीआर (धावपट्टीवर दिसणारं अंतर) मिनिमापेक्षा कमी असेल तर विमानतळाच्या पातळीपासून १,००० फुटांच्या खाली जायचं नाही. पुस्तकाच्या त्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.

पुस्तकातल्या कंपास टर्नच्या (होकायंत्र बघून वळणं) उदाहरणात ३० अंश अक्षांश धरलेला असतो. ते आकडे पाठ करू का? (खानापूर)

करू नका. उत्तरेकडे-दक्षिणेकडे वळताना कंपासची चूक साधारण अक्षांशाएवढी येते. बेळगाव १६ अंश उत्तरेच्या जवळपास, म्हणून इथली चूक जवळजवळ निम्मी. ९० नॉटला रेट वन (सेकंदाला ३ अंश) वळणासाठी बँक, म्हणजे विमानाचा बाजूचा कल, किती? वेगाचा दशांश अधिक ७, म्हणजे १६ अंश. वळण थांबवायची आगाऊ सूट त्याच्या निम्मी, ८. पूर्वेकडून डावीकडे उत्तरेला वळताना कंपास मागे रेंगाळतो, म्हणून १६ अधिक ८, कंपासवर ०२४ दिसताच पंख सरळ करायचे. पूर्वेकडून उजवीकडे दक्षिणेला वळताना तो पुढे पळतो, म्हणून १८० अधिक १६ उणे ८, म्हणजे १८८ दिसेपर्यंत थांबायचं. ३० अंशांचे आकडे पाठ असतील तर पहिल्या वळणात १४ अंश आधीच थांबाल आणि दुसऱ्यात तेवढेच पुढे जाल, मग चूक हाताची समजून उगाच हात बदलाल.

मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता. इंग्रजी पुस्तकं जड जातात. मराठीत नोट्स काढल्या तर चालेल का? (चिकोडी, एक वडील)

चालेल, काका, नक्की काढू दे. फक्त तांत्रिक शब्द इंग्रजीतलेच ठेवायला सांगा. परीक्षा इंग्रजीत, रेडिओ इंग्रजीत, आणि परवान्यासाठी आयसीएओ लेव्हल ४ ची इंग्रजी लागतेच. गोष्ट का घडते ते मराठीत समजून घ्यायचं आणि तिचं नाव इंग्रजीत घ्यायचं. पिटोट-स्टॅटिकपासून (हवेच्या दाबावरून वेग आणि उंची दाखवणारी नळ्यांची व्यवस्था) सुरुवात करू दे. आकृती स्वतः काढायची, नळी कुठे बुजली ते लिहायचं आणि काय दिसेल ते मोठ्याने सांगायचं. पिटोटचं तोंड बुजलं पण ड्रेन (पाणी निघायचं छिद्र) उघडं : एअरस्पीड शून्यावर येते. दोन्ही बुजले : एअरस्पीड अल्टिमीटरसारखी वागते, चढताना वाढते. स्टॅटिक बुजला : अल्टिमीटर जागच्या जागी, व्हीएसआय (चढ-उताराचा वेग दाखवणारं उपकरण) शून्य, चढताना एअरस्पीड खरीपेक्षा कमी. तिसऱ्या ओळीचं कारण त्याला न अडखळता सांगता आलं, तर भाषेची अडचण नाही असं समजा. क्लिअरन्सचा रीडबॅक (कंट्रोलरने दिलेली परवानगी परत म्हणून दाखवणं) मात्र रोज, इंग्रजीत, आवाज काढूनच करायचा.

घरच्या कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर कामाचा आहे का? (शहापूर, बेळगाव)

प्रोसीजरसाठी आहे, हाताच्या सवयीसाठी नाही. त्यावरचे तास लॉगबुकात धरत नाहीत, त्यासाठी मान्यताप्राप्त उपकरणच लागतं. सहाही उपकरणं झूम न करता एका नजरेत मावतील असा व्ह्यू लावा. झूम करत राहिलात की एकाच उपकरणाला चिकटायची खोड लागते आणि ती विमानात सुटत नाही. ढग ५०० फुटांवर ठेवा, वारा आडवा लावा, आणि मध्येच व्हॅक्यूम पंप बंद करा. अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर (विमानाचा कल दाखवणारं, त्या पंपावर चालणारं उपकरण) एकदम पडत नाही, हळूहळू कलतो, आणि पायलट त्याच्या मागे जातो. टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं उपकरण) बहुधा विजेवर चालतो, त्याच्याशी ताडून बघायची सवय इथेच लावून घ्या.

प्रश्नसंच कधी घ्यावेत? जुने चार्ट स्वस्तात मिळतात, ते चालतील का? (बेळगाव ग्रामीण)

प्रश्नसंच शेवटच्या महिन्यात. पास व्हायला ७० टक्के लागतात आणि पाठांतराने तेवढे पडतातही, पण उत्तराचं कारण एका वाक्यात लिहिता आलं नाही तर तो प्रश्न चुकला असंच धरा. सोबत हवामान विभागाच्या विमान-हवामान संकेतस्थळावरून बेळगाव, हुबळी, कोल्हापूर आणि गोव्याचे मेटार (विमानतळाचे हवामान अहवाल) रोज सकाळी वाचा. जुलैत किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर ढगांचा तळ किती वेगळा असतो ते आठवडाभरात कळतं.

जुने चार्ट खुणा ओळखायला शिकण्यापुरते ठीक. त्यावर पेनाने मोठी फुली मारून ‘सरावासाठी’ असं लिहा. चार्ट एआयआरएसी या २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने बदलतात. फ्रीक्वेन्सी, मिनिमा, मिस्ड अ‍ॅप्रोचची (न उतरता पुन्हा वर जाण्याची) उंची यांतलं काहीही बदललेलं असू शकतं. कोणताही चार्ट हातात घेतला की आधी त्यावरची तारीख वाचायची, मग विमानतळाचं नाव.