'कॉमन लॉ'ला 'सामान्य कायदा' म्हणावे का?

ऑस्ट्रेलियाच्या कायदा सुधारणा आयोगाच्या अहवालावर मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : 'कॉमन लॉ राइट्स अँड फ्रीडम्स'साठी 'सामान्य कायद्यातील अधिकार व स्वातंत्र्य' चालेल का? आणि 'एन्क्रोचमेंट'ला 'अतिक्रमण' म्हणू का?

माझ्या मते दोन्ही टाळावेत.

मराठीत 'सामान्य' म्हणजे साधा, विशेष नसलेला. 'कॉमन लॉ'तला 'कॉमन' तो नव्हे. इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात, दुसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, राजाचे न्यायाधीश मुलूखभर फिरून निवाडे करू लागले. ठिकठिकाणच्या वेगवेगळ्या रूढींच्या जागी साऱ्या राज्याला मिळून एकच असा कायदा त्यातून घडत गेला. सामाईक भिंत, सामाईक विहीर यांतला 'सामाईक' त्या अर्थाच्या जवळ जातो. तरीही 'सामाईक कायदा' मी सुचवणार नाही, कारण तो शब्द वाचताच मनात वाटणीचे दावे येतात. 'समान कायदा' तर थेट समान नागरी कायद्याकडे नेतो. 'रूढ कायदा'ही नको. रूढी लोक पाळतात. कॉमन लॉ न्यायालयांच्या निकालांतून, त्यांत दिलेल्या कारणांतून घडतो.

खरी अडचण मात्र 'कायदा' या शब्दाची आहे. संसदेने केलेला एखादा अधिनियम आणि एकूण कायदा, दोन्हींना आपण 'कायदा'च म्हणतो. एरवी त्याने बिघडत नाही, इथे बिघडते. कारण कॉमन लॉ म्हणजे कोणत्याही संसदेने न केलेला कायदा. एंटिक विरुद्ध कॅरिंग्टन हा इंग्लंडमधला 1765 सालचा खटला पाहा. मंत्र्याच्या हुकमावरून राजाच्या माणसांनी जॉन एंटिकच्या घरात घुसून त्याचे कागद नेले. न्यायालयाने विचारले, हे करण्याची मुभा देणारा कायदा कुठे आहे? तो ना अधिनियमांत सापडला, ना जुन्या निवाड्यांत. झडती बेकायदा ठरली. एंटिकला 'झडतीपासून संरक्षण' असा लिहून दिलेला हक्क नव्हता. जे कायद्याने मना केलेले नाही ते करायला माणूस मोकळा, आणि सत्तेला मात्र प्रत्येक पावलासाठी कायद्याचा आधार हवा, एवढ्यावर निकाल लागला. आरोपीचा गुन्हा सरकार पक्षानेच सिद्ध करायचा, हे तत्त्वही तिथल्याच वूलमिंग्टन खटल्यात 1935 साली निकालातूनच ठाम झाले.

म्हणून 'कॉमन लॉ' तसाच ठेवावा. पहिल्यांदा येईल तिथे 'न्यायनिर्णयांतून घडत आलेला कायदा' असा खुलासा करावा आणि संसदेच्या कायद्याला लेखभर 'अधिनियम' म्हणावे. तसे केले नाही, तर 'कायद्याने कायद्यातील हक्क काढून घेतला' अशी वाक्ये होतात आणि कोणी कोणाचे काय घेतले ते वाचकाला कळत नाही.

'अधिकार'बद्दल माझे मत ठाम आहे. मराठीत अधिकार सत्तेचाही असतो. अधिकारी हा शब्द त्यातूनच आला. या विषयात व्यक्तीचा हक्क आणि सरकारचा अधिकार समोरासमोर उभे असतात. दोघांना एकच शब्द दिला तर भांडणच दिसेनासे होते. आपल्या संविधानाच्या मराठी पाठात 'मूलभूत हक्क' आहे. तोच शब्द धरावा. 'स्वातंत्र्ये' हे अनेकवचन थोडे खटकते, पण भाषण, संचार, संघटना अशी अनेक मोजायची असतात तेव्हा ते वापरायला कचरू नये.

आता 'अतिक्रमण'. त्यात बेकायदेशीरपणा आधीच गृहीत असतो. आयोगापुढचा प्रश्न तसा नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संविधानात हक्कांची सनद नाही. धर्मस्वातंत्र्य, मालमत्ता संपादनाचा न्याय्य मोबदला अशी मोजकीच कलमे आहेत. बाकीचा बराच भार कॉमन लॉवर, आणि संसद अधिनियम करून त्यालाही कात्री लावू शकते. 2014 साली आयोगाकडे सोपवलेले काम हे, की कोणते अधिनियम या हक्कांना कात्री लावतात ते शोधायचे आणि ती समर्थनीय आहे का ते तपासायचे. म्हणजे काही ठिकाणी उत्तर 'हो, समर्थनीय आहे' असेही येऊ शकते. यासाठी मराठीत नेमका शब्द रुळलेला आहे : संकोच. 'अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच' आपण नेहमी वाचतो. तो योग्य की अयोग्य, हे त्या शब्दात आधीच ठरलेले नसते.

याच लेखनात 'प्रिन्सिपल ऑफ लीगॅलिटी' भेटेल. त्याला 'कायदेशीरपणाचे तत्त्व' म्हटले की काहीच हाती लागत नाही. संसदेला हक्क काढून घ्यायचा असेल तर तिने तसे निःसंदिग्ध शब्दांत म्हटले पाहिजे, मोघम शब्दांतून न्यायालय तो अर्थ काढणार नाही, असे ते तत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातल्या कोको खटल्यात (1994) पोलिसांनी न्यायाधीशाच्या परवानगीने एका जागेत चोरून ऐकण्याची यंत्रे बसवली होती. तिथले 'हाय कोर्ट' (ऑस्ट्रेलियात तेच सर्वांत वरचे न्यायालय) म्हणाले, अधिनियमात संभाषण ऐकण्याची मुभा आहे; पण त्यासाठी दुसऱ्याच्या जागेत शिरण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिलेली नाही, म्हणून ती नाहीच. मी याला 'स्पष्टोक्तीचे तत्त्व' म्हणेन. शब्द नवा आहे, पण नियम काय मागतो ते त्यातून कळते.

अहवालाचे शीर्षक ('ट्रॅडिशनल राइट्स अँड फ्रीडम्स : एन्क्रोचमेंट्स बाय कॉमनवेल्थ लॉज') लिहिताना आणखी एक जपा. त्यातला 'कॉमनवेल्थ' म्हणजे राष्ट्रकुल नव्हे. ऑस्ट्रेलियात तो शब्द तिथल्या संघराज्याच्या केंद्र सरकारासाठी वापरतात. 'पारंपरिक हक्क आणि स्वातंत्र्ये : केंद्रीय अधिनियमांमुळे होणारा संकोच' असे शीर्षक मला बरोबर वाटते.