पीपीएल (खासगी वैमानिक परवाना) थिअरी: गणित आधी, पाठांतर मागून

भाऊ, सुरुवात नियम घोकण्यापासून करू नको. ते शेवटच्या पंधरवड्यातही होतात. आधी डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, पक्की कर, आणि उदाहरण आपल्याच मे महिन्याचं घे.

धावपट्टी 1000 फुटांवर, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) 1003, तापमान 45 अंश. प्रमाण दाब 1013 पेक्षा 10 हेक्टोपास्कल कमी, प्रत्येकी 30 फूट धरून 300 मिळव. प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे प्रमाण दाबावरून मोजलेली उंची, झाली 1300. प्रमाण तापमान समुद्रसपाटीला 15, दर हजार फुटांना 2 अंश कमी, म्हणजे इथे 12.4. 45 पर्यंतचे वरचे 32.6 अंश गुणिले प्रत्येकी 120 फूट, साधारण 3900. ते 1300 मध्ये मिळवून उत्तर 5200 फूट. इंजिन दमतं, पंखाला हवा पातळ मिळते, धाव लांबते.

बहुतेक जण 15 तसेच ठेवतात अन् दाबाचे 300 मिळवायला विसरतात. पर्यायांत नेमकं तेच चुकलेलं उत्तर दिलेलं असू शकतं.

नेव्हिगेशनमध्ये ट्रू (खऱ्या उत्तरेवरून मोजलेली) दिशेवरून मॅग्नेटिक (होकायंत्राच्या उत्तरेवरची) काढताना पश्चिमेचं व्हेरिएशन, म्हणजे या दोन उत्तरांमधला कोन, मिळव, पूर्वेचं वजा कर. सराव वहीवरच कर. लाइट गेली की ॲप बसतं. पास व्हायला 70 टक्के लागतात, सरावात 85 च्या खाली समाधान मानू नको.