संध्याकाळी सहाला पुणं झोपलेलं असतं

प्रश्न : ताई, मिस्टरांची ब्यूनस आयर्सला तीन वर्षांसाठी बदली झालीये, जूनमध्ये निघायचंय. मी कोथरूडमध्येच लहानाची मोठी झाले, लग्नानंतरही इथेच. आम्ही दोघं पक्के शाकाहारी आणि तिथे म्हणे सगळं बीफच. स्पॅनिशचा क्लास लावलाय, पण खरी भीती वेगळीच आहे. हे ऑफिसला गेले की दिवसभर मी एकटी काय करू? तुम्ही तिथे राहून आलात म्हणून विचारते.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : खाण्याचं आधी उरकते, कारण ते वाटतं तेवढं अवघड नाहीये. तिथे 'दिएतेतिका' म्हणून छोटी छोटी दुकानं असतात, मसूर, छोले, हळद, तीळ, दाणे सगळं सुटं मिळतं. पिझ्झाच्या दुकानात 'फायना' मागा, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं ओव्हनमध्ये भाजलेलं जाडसर धिरडंच, ते लोक पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून खातात. कांदा आणि भरपूर चीज घातलेला पिझ्झा, म्हणजे 'फुगासेता', तोही छान. जपायचं ते बेकरीत. 'मेदियालूना' म्हणजे क्रोसाँसारखा प्रकार, त्यातला 'दे ग्रासा' चरबीचा असतो आणि 'दे मान्तेका' लोण्याचा. एम्पनाडा म्हणजे करंजीसारखा तिखटमिठाचा प्रकार, त्याच्या पारीतही चरबी असू शकते, आत नुसतं चीज असलं तरी विचारूनच घ्या. गोडा मसाला आणि हिंग इथूनच न्या.

आता एकटेपणाचं. दिवसाची काळजी करू नका, अवघड असते ती संध्याकाळ. तिथलं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे. सकाळी साडेअकराला फोन लावलात की इथे रात्रीचे आठ, आई जेवून निवांत बसलेली, मनसोक्त बोलणं होतं. पण संध्याकाळी सहाला, जेव्हा खरंच कोणाशी तरी बोलावंसं वाटतं, तेव्हा पुण्यात पहाटेचे अडीच वाजलेले असतात. पहिले चार महिने मी त्या वेळेला खिडकीशी बसून रडायचे, आणि साडेसातला जेवून दिवे मालवायचे. म्हणजे नेमकं ते शहर घराबाहेर पडायच्या वेळेला मी दार लावून घेत होते!

तिथे पाच-सहाला 'मेरिएन्दा', आपल्या चहा-खारीसारखं, आणि जेवण नऊ नाहीतर दहाला, नंतरही तासभर टेबलावरून कोणी उठत नाही. तुम्ही पुण्याच्या वेळा धरून बसलात तर ओळखी व्हायच्या कशा? संध्याकाळचं भरपेट खा आणि कोणी बोलावलं की जा.

बोलावतील ते बहुतेक 'माते' प्यायला. कडू हिरव्या पाल्याचा गरम काढाच म्हणा, एक भोपळ्याचं भांडं, एक धातूची नळी, आणि तीच नळी सगळ्यांच्या तोंडाला. आपल्याला लहानपणापासून उष्टं चालत नाही हे शिकवलेलं, त्यामुळे मला पहिल्यांदा अक्षरशः पोटात ढवळलं. पण शेजारच्या आजींनी भांडं पुढे केलं तेव्हा लक्षात आलं की त्या मला आपल्यात घेतायत. तुम्हाला नकोच असेल तर न घाबरता सांगा, कोणी राग धरत नाही. घेतलंत तर दोन गोष्टी पाळा : नळी ढवळू नका, आणि भांडं परत देताना 'ग्रासियास' म्हणू नका, कारण त्याचा अर्थ 'आता मला बास' असा होतो आणि पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. मी पहिल्या दिवशी दर घोटाला आभार मानायला गेले आणि एका फेरीतच बाहेर!

भेटल्यावर गालाला गाल लावतात, बायका, पुरुष, सगळेच, त्यात वावगं काही नसतं.

क्लासच्या बाईंना आत्ताच सांगा की अर्जेंटिनाचं स्पॅनिश हवंय. पुस्तकात 'तू' असतं, तिथे 'वोस' म्हणतात, क्रियापदंही बदलतात, आणि 'यो'चा, म्हणजे 'मी'चा, उच्चार 'शो' करतात. माझे पहिले पंधरा दिवस भाजीवाल्याचं बोलणं कळण्यातच गेले. तिथे पोचल्यावर ब्यूनस आयर्स विद्यापीठाच्या परदेशी लोकांसाठीच्या स्पॅनिश क्लासला नाव घाला, त्या वर्गातल्या सगळ्यांनाच मैत्रिणी हव्या असतात.

आणि हो, जून म्हणजे तिकडे हिवाळा, स्वेटर बॅगेत अगदी वरतीच ठेवा.