जेलमध्ये टीबी, खरूज असे आजार इतके का पसरतात आणि ते थांबवायला नक्की काय करता येतं?

मी टीबी तपासणीच्या टीमबरोबर जेलमध्ये जायचो, एक्सरे काढायला आणि थुंकीचे नमुने घ्यायला, त्यामुळे आत बघितलंय त्यावरून सांगतो. औषधं, साबण, पाणी हे सगळं लागतंच, पण दाटी कमी केल्याशिवाय बाकी काही टिकत नाही.

मुंबईचं आर्थर रोड जेल घ्या. २०२० ला कोरोना आला तेव्हा अधिकृत क्षमता ८०४, आणि आत अडीच हजारांच्या वर माणसं! मे महिन्यात बघता बघता शंभरच्या वर कैदी आणि स्टाफ पॉझिटिव्ह निघाले. जिथे झोपताना कूस बदलायला जागा नाही तिथे अंतर कसलं ठेवणार? मग सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने राज्यातले जवळपास निम्मे, म्हणजे १७ हजारांच्या आसपास कैदी तात्पुरते सोडायचं ठरवलं. मला राग याचा येतो की हे सुचायला साथ यावी लागली. देशात आत असलेल्या चारपैकी तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असे; काही तर जामीन मंजूर होऊनही पैसे नाहीत किंवा जामीनदार मिळत नाही म्हणून पडून आहेत. पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ त्याला बाँडवर सोडायला सांगतं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त केसेस असतील तर नाही). माझ्या मते हे कलम नीट वापरणं हासुद्धा आरोग्याचाच उपाय आहे.

खरजेचं सांगतो, कारण तिथे सगळ्यात जास्त चुकतं. जो खाजवतोय त्यालाच मलम देतात. पण पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार-सहा आठवडे जातात, तोपर्यंत शेजारी झोपणाऱ्याला ती लागलेली असते आणि दोघांनाही पत्ता नसतो. त्यामुळे अख्ख्या बराकीने एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिन (खरजेचं मलम) लावायचं, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, कमरेच्या नाडीच्या जागी सुद्धा, सकाळी अंघोळ, त्याच दिवशी कपडे-चादरी गरम पाण्यातून काढून कडक उन्हात, आणि आठवड्याने परत सगळं. एक जण जरी सुटला तरी महिन्याभरात पुन्हा तेच.

टीबीसाठी नवीन आलेल्या प्रत्येकाची तपासणी हवी आणि नंतरही अधूनमधून, कारण दोन आठवड्यांच्या वर खोकला असला तरी माणसं लपवतात, आपल्या माणसांतून उचलून वेगळं ठेवतील ही भीती. आणि खिडक्या! थंडीत पोती-पुठ्ठे लावून बंद करतात, हवा तिथल्या तिथेच फिरते. जाडं पांघरूण द्या म्हणजे खिडकी उघडी राहील.

तुमचं कोणी आत असेल आणि टीबीची गोळी चालू असेल तर मुलाकातीला गेल्यावर त्याचा निक्षय आयडी (टीबी पेशंटचा सरकारी नोंदणी नंबर) लिहून घ्या. जामिनाचा कागद संध्याकाळी येतो, माणूस गेटबाहेर पडतो आणि गोळ्या आतच राहतात, असं खूप होतं. साधा टीबी असला तरी कोर्स किमान सहा महिन्यांचा. तो नंबर घेऊन दुसऱ्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, औषध फुकट मिळतं, आणि घरातल्यांचीही तपासणी तिथेच करून घ्या.