विकिपीडियावर कुणाचं पान असावं, हे कोण ठरवतं?

तुमच्या आजोबांनी चाळीस वर्षं तमाशात सोंगाड्याची कामं केली, त्यांचं मराठी विकिपीडियावरचं पान 'उल्लेखनीयता नाही' म्हणून काढलं, आणि कालपरवाच्या मालिकेतल्या नटाचं पान मात्र आहे. हा कुठला न्याय, असं तुम्ही विचारलंय.

मी तिथे बरीच वर्षं लिहितो. अशी पानं काढावीत, असं मीही काही वेळा म्हटलंय. 'उल्लेखनीयता' हा शब्दच मला खटकतो, कारण घरच्यांना वाटतं आपला माणूस लहान ठरवला. माणूस किती मोठा, हे तिथे कुणी मोजतच नाही. त्याच्याशी नातं किंवा हितसंबंध नसलेल्या कुणी भरवशाच्या ठिकाणी त्याच्याविषयी सविस्तर लिहिलंय का, एवढंच पाहतात. बातमीत नुसतं नाव आलेलं पुरत नाही. घरच्यांनी काढलेला गौरव अंकही नाही. वाईच्या विश्वकोशामागे संपादक मंडळ उभं असतं. विकिपीडियावर लिहिणारा कोण हे बहुतेकदा ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक वाक्याला बाहेरचा आधार लागतो.

पण या नियमात एक खोट आहे. ज्यांच्याबद्दल कुणी लिहिलंच नाही, ते इथेही वगळले जातात. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांचं उदाहरण मी कधी विसरत नाही. लेझरचा स्पंद आधी ताणायचा, मग त्याची ताकद वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा आवळायचा, ही पद्धत त्यांनी जेरार मुरू यांच्याबरोबर १९८५ साली मांडली. मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्यावरचा मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत गेला. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं आणि त्याच दिवशी पान तयार झालं. मुरूंचं पान आधीपासून होतं. स्ट्रिकलंड प्रकाशशास्त्रातल्या एका मोठ्या संस्थेच्या अध्यक्ष राहिलेल्या होत्या आणि प्राध्यापकांसाठीच्या वेगळ्या निकषात त्या तेव्हाही बसत होत्या. मसुदा तपासणाऱ्याने ते पाहायला हवं होतं. पण वर्तमानपत्रांनी तोवर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, हेही तितकंच खरं. फडावरच्या कलावंतांचं, त्यातही बायकांचं, आपल्याकडे हेच झालंय. त्यांना पाहायला गावंच्या गावं लोटायची, पण लिहून कुणी ठेवलं नाही.

म्हणून आता भांडण सोडा आणि कागद शोधा. एका शाहिरांच्या घरी मला पत्र्याच्या ट्रंकेत कात्रणं मिळाली होती. त्यातलं एक चांगलं अर्ध्या पानाचं होतं, फोटोसकट. पण कापताना वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख कात्रीखाली गेली होती. मागच्या बाजूला सिनेमाची जाहिरात होती, तिच्यावरून साल कळलं, आणि जिल्हा ग्रंथालयात त्या सालच्या बांधीव फाइली चाळून चौथ्या दिवशी तो अंक सापडला. त्याच्या आधारावर उभं राहिलेलं त्या शाहिरांचं विकिपीडियावरचं पान आजही टिकून आहे.

जुने दिवाळी अंक पाहा, लोककलेवरचे पीएच.डी.चे प्रबंध पाहा, आजोबांच्या फडमालकांवर एखादं पुस्तक असेल तर त्यातही पाहा. स्वतंत्रपणे लिहिलेले दोन-तीन सविस्तर लेख मिळाले, तर पान परत आणण्याची विनंती करता येते. पान मात्र तुम्ही स्वतः लिहू नका. नातवाने लिहिलं की शंका येतेच. तुम्ही आजोबांचं नाव आणि संदर्भ माझ्या चर्चापानावर, म्हणजे विकिपीडियावर मला निरोप ठेवायच्या पानावर, ठेवा. मसुदा मी लिहितो.